विक्रमांच्या यादीत नसलेला रकाना

शाळेच्या वाचनालयातले ‘आधुनिक जगातील आश्चर्ये’ छापाचे कोणतेही पुस्तक उघडावे, त्यात एक तक्ता हमखास सापडतो. पहिल्या रकान्यात बांधकामाचे नाव, दुसऱ्यात देश, तिसऱ्यात वर्ष आणि चौथ्यात लांबी किंवा उंची. सर्वांत लांब पूल, सर्वांत उंच इमारत, सर्वांत मोठे धरण. विज्ञान प्रदर्शनातील फलकांवर हाच तक्ता असतो आणि प्रश्नमंजूषेत याच तक्त्यातले प्रश्न येतात. मुले तो पटकन पाठ करतात आणि तो तितक्याच पटकन शिळा होतो.

किती पटकन, याचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९९४ मध्ये आधुनिक जगातील सात आश्चर्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणारा खाडीखालचा बोगदा, टोरंटोचा सीएन मनोरा, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, दक्षिण अमेरिकेतील इताइपू धरण, नेदरलँड्सची समुद्रसंरक्षणाची कामे आणि पनामा कालवा यांचा समावेश होता. यांपैकी गोल्डन गेट आणि एम्पायर स्टेट यांचे विक्रम यादी निघाली तेव्हाच मोडलेले होते. सीएन मनोऱ्याची ५५३ मीटर उंचीची मिरास २००७ मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाने संपवली आणि पुढे २०१० मध्ये ८२८ मीटर उंचीची ती इमारत वापरासाठी खुली झाली. तरीही ही यादी टाकाऊ ठरत नाही, कारण ती करणाऱ्यांनी केवळ आकार पाहिला नव्हता. आपण मात्र अशा याद्यांतून आकार तेवढा उचलतो.

माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. आकडे हवेतच. तक्रार आहे ती तक्त्यात नसलेल्या एका रकान्याबद्दल. प्रत्येक मोठे बांधकाम हा एक अंदाज असतो. माती किती दबेल, वारा किती वाहील, जमीन किती हादरेल, माणसे किती येतील, याबद्दलचा अंदाज. तो अंदाज काय होता, प्रत्यक्षात काय घडले, आणि अंदाज चुकला तर काय करायचे याची सोय बांधकामात आधीच होती का, हे सांगणारा रकाना तक्त्यात नसतो. माझ्या मते बांधकामाची खरी परीक्षा तेथेच होते. हा रकाना हाती घेऊन तीन नावाजलेली बांधकामे तपासून पाहू.

खचणारे बेट

जपानमधील ओसाकाच्या उपसागरात, किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावर, कान्साई विमानतळ आहे. त्यासाठी समुद्रात भराव घालून सुमारे ५१० हेक्टरचे बेट तयार करण्यात आले. काम १९८७ मध्ये सुरू झाले आणि ४ सप्टेंबर १९९४ रोजी विमानतळ खुला झाला. रेन्झो पियानो या इटालियन वास्तुरचनाकाराने आखलेली प्रवासी इमारत सुमारे १.७ किलोमीटर लांब आहे. तक्त्यात येते ते एवढेच.

आता खाली पाहू. येथे समुद्र सुमारे १८ मीटर खोल आहे. त्याच्या तळाशी जवळजवळ २० मीटर जाडीचा मऊ चिकणमातीचा थर आहे आणि त्याच्याही खाली शेकडो मीटरपर्यंत जुन्या चिकणमातीचे व वाळूचे थर एकाआड एक आहेत. अशा मातीवर डोंगर फोडून आणलेला दगडमातीचा भराव टाकला की काय होते? चिकणमातीच्या कणांमधील फटी पाण्याने भरलेल्या असतात. वरून वजन पडले की हे पाणी बाहेर पडू लागते आणि थर दबतो. ओला स्पंज तळहाताखाली दाबावा तसे हे घडते. फरक इतकाच, की स्पंजातले पाणी क्षणात निघते आणि चिकणमातीतले निघायला वर्षे लागतात, कारण तिच्या फटी अतिशय बारीक असतात.

कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या क्रियेचे गणित मांडले. त्यातला एक निष्कर्ष वर्गात सांगण्याजोगा आहे. दबण्यास लागणारा काळ हा पाण्याला बाहेर पडण्यासाठी जे अंतर कापावे लागते, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मीटर जाडीच्या थरातून पाणी वर आणि खाली दोन्हीकडे निघू शकते असे मानले, तर मधल्या पाण्याला १० मीटर जावे लागेल. कान्साईच्या अभियंत्यांनी या थरात सुमारे दहा लाख वाळूचे उभे खांब भरले. अशा दोन खांबांमध्ये अडीच मीटर अंतर धरले, तर पाण्याला आडवे जेमतेम सव्वा मीटर गेले की वाळू मिळते आणि वाळूतून ते सहज वर येते. अंतर आठपटीने कमी झाले म्हणजे काळ चौसष्टपटीने कमी झाला. ज्याला १६ वर्षे लागली असती ते काम तीन महिन्यांत होईल. प्रत्यक्षातले गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण युक्तीचे मर्म हेच.

मऊ थरासाठी ही युक्ती उत्तम लागू पडली. प्रश्न होता त्याखालच्या जुन्या, खोल थरांचा. तेथवर वाळूचे खांब नेणे शक्य नव्हते. ते थर सावकाश आणि दीर्घकाळ दबत राहणार, हे ठाऊक होते. किती, याचा अंदाज मात्र कमी पडला. बेट अपेक्षेपेक्षा अधिक खचले. विमानतळ सुरू झाला त्या वर्षी खचण्याचा वेग वर्षाला सुमारे ५० सेंटिमीटर होता. २००८ पर्यंत तो ७ सेंटिमीटरच्या आसपास आला. म्हणजे वेग टेर्झागीच्या सिद्धांतानुसार मंदावला, पण खचणे थांबले नाही.

अंदाज चुकला, हे येथे उघड आहे. मग बांधकाम फसले का? माझे उत्तर नाही असे आहे आणि त्याचे कारण प्रवासी इमारतीच्या तळघरात आहे. या इमारतीचे सुमारे ९०० खांब जॅक लावून उचलता येतील अशा बेताने बसवलेले आहेत. इमारतीला खरा धोका सगळे बेट सारखे खाली जाण्याचा नसतो. एक खांब जास्त खचला आणि शेजारचा कमी, तर तुळया वाकतात आणि काचा फुटतात. म्हणून प्रत्येक खांबाची पातळी नियमित मोजली जाते आणि जो खांब खाली गेला असेल तो जॅकने उचलून त्याच्या पायथ्याशी पोलादाची चकती सरकवली जाते. आपला अंदाज चुकू शकतो, हे अभियंत्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केले होते आणि त्यासाठी इमारतीतच जागा ठेवली होती. अमेरिकी अभियंत्यांच्या याच संस्थेने २००१ मध्ये या विमानतळाला सहस्रकातील स्मारकांमध्ये स्थान दिले. आपल्या तक्त्यात मात्र जॅकचा उल्लेख क्वचितच येतो.

पण समीक्षकाने येथे थांबू नये. जॅकमुळे खांब सारखे राहतात, बेट वर येत नाही. ४ सप्टेंबर २०१८ रोजी, विमानतळाला बरोबर २४ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, जेबी नावाच्या चक्रीवादळाने समुद्राचे पाणी धावपट्टीवर आणले. भरकटलेले एक तेलवाहू जहाज बेटाला किनाऱ्याशी जोडणाऱ्या पुलावर आदळले आणि हजारो माणसे बेटावर अडकून पडली. त्यानंतर समुद्राच्या बाजूच्या भिंती उंच करण्याचे काम हाती घेण्यात आले. खांबांतील फरकाची सोय अभियंत्यांनी चोख केली होती. बेटाची उंची आणि वादळी लाट यांच्यातील अंतराची, तसेच एकुलत्या एक रस्त्याची सोय तितकी चोख नव्हती. आपल्या रकान्यात कान्साईपुढे या दोन्ही नोंदी कराव्या लागतील.

वाढलेला एक मीटर

त्याच उपसागराच्या पश्चिम टोकाला, कोबे शहर आणि अवाजी बेट यांच्या मधल्या सामुद्रधुनीवर, आकाशी काइक्यो हा झुलता पूल आहे. ५ एप्रिल १९९८ रोजी तो खुला झाला तेव्हा त्याचा मधला गाळा जगात सर्वांत लांब, म्हणजे १९९१ मीटर होता. हा विक्रम २०२२ मध्ये तुर्कस्तानातील चानक्काले येथील २०२३ मीटरच्या पुलाने मोडला. तक्त्यात आता दुसरे नाव लिहावे लागते. पण आकाशी पुलाकडून शिकण्यासारखे जे आहे, त्याला विक्रम मोडल्याने काहीच बाधा येत नाही.

त्यासाठी आधी दुसऱ्या एका पुलाची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला. ८५३ मीटरच्या गाळ्यामुळे तो तेव्हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा झुलता पूल होता, म्हणजे विक्रमांच्या यादीत मानाने बसणारा. त्याचा रस्ता अरुंद होता आणि त्याला आधार देणाऱ्या कडेच्या तुळया केवळ २.४ मीटर उंचीच्या, भरीव पत्र्याच्या होत्या. ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी ७० किलोमीटरहून कमी वेगाच्या वाऱ्यात तो पिळवटत राहिला आणि कोसळला. चारच महिन्यांचे आयुष्य.

या घटनेची चित्रफीत अनेक शिक्षक अनुनाद शिकवताना दाखवतात. वाऱ्याच्या झोतांचा ताल पुलाच्या स्वाभाविक कंपनाशी जुळला, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. हे स्पष्टीकरण बरोबर नाही. झोका ठरावीक तालावर ढकलत राहिले की तो उंच जातो, हा अनुनाद. त्यासाठी बाहेरच्या बळालाच ताल असावा लागतो. टॅकोमाचा वारा तसा तालात वाहत नव्हता. टेबलपंख्यासमोर कागदाची पट्टी धरून पाहा. पंख्याचा वारा एकसारखा असतो, तरी पट्टी फडफडते. पट्टी जराशी वळली की तिच्यावरचा वाऱ्याचा दाब बदलतो, त्या दाबाने ती आणखी वळते, मग उलट फिरते. म्हणजे हालचालच वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेते आणि वाढत जाते. टॅकोमाच्या पुलाचे असे झाले. हा फरक शब्दांपुरता नाही. निव्वळ अनुनाद असता तर पुलाचे कंपन वाऱ्याच्या तालापासून दूर नेणे हा उपाय झाला असता. फडफड टाळायची तर रस्त्याचा आकारच असा हवा, की वारा त्याला पिळू शकणार नाही.

आकाशी पुलात हा धडा दिसतो. त्याच्या रस्त्याखाली १४ मीटर उंचीचा, त्रिकोणी जाळीचा पोलादी सांगाडा आहे. वारा त्यातून आरपार जातो. रस्त्यातही जाळीच्या पट्ट्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे वरच्या आणि खालच्या हवेच्या दाबात मोठा फरक पडत नाही. एवढ्यावर न थांबता अभियंत्यांनी पुलाची शंभरपट लहान, तरीही ४० मीटर लांब अशी संपूर्ण प्रतिकृती केली आणि वातबोगद्यात तपासली. सेकंदाला ८० मीटर वेगाच्या वाऱ्यात टिकेल असा हा पूल आखलेला आहे.

वाऱ्याची तयारी अशी होती. परीक्षा घेतली ती जमिनीने. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबेचा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे मेली, शहरातील उंचावरचा महामार्ग आडवा झाला. भूकंपाचे केंद्र या सामुद्रधुनीच्या अगदी जवळ होते. त्या वेळी पुलाचे दोन्ही मनोरे उभे होते, त्यांवरून जाडजूड तारदोर ओढलेले होते, पण रस्ता अजून टांगायचा होता. मनोरे उभेच राहिले. मात्र अवाजीच्या बाजूचा पाया सरकला आणि मधला गाळा सुमारे ८० सेंटिमीटरने लांबला. आराखड्यात १९९० मीटर असलेला गाळा १९९१ मीटरचा झाला तो असा. पाठ केलेल्या विक्रमाच्या आकड्यात शेवटचा जो एक मीटर आहे, तो माणसाने नव्हे, भूकंपाने घातलेला आहे.

अभियंत्यांनी नवी मोजमापे घेतली, टांगायच्या सांगाड्याच्या लांब्या बदलल्या आणि काम पुढे चालू ठेवले. झुलत्या पुलाच्या लवचीकपणाचा हा पुरावा आहे, यात शंका नाही. पण कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. पुलाचा आराखडा १५० किलोमीटर दूरच्या ८.५ प्रतीच्या भूकंपाचा विचार करून केलेला होता. प्रत्यक्षात भूकंप आला तो लहान प्रतीचा, पण पायाजवळचा. शिवाय तो आला तेव्हा रस्ता टांगलेला नव्हता, म्हणून मापे बदलण्याची मुभा मिळाली. या यशात कसबाबरोबर वेळेचाही वाटा होता. हे सांगितल्याने अभियंत्यांचा मान कमी होत नाही. उलट, कोणती गोष्ट सिद्ध झाली आणि कोणती अजून व्हायची आहे, हे विद्यार्थ्याला नीट कळते.

या पुलाबाबत दुसराही एक अंदाज होता, वाहनांचा. होन्शू आणि शिकोकू या बेटांमध्ये १९८८ ते १९९९ या काळात तीन वेगवेगळे पूलमार्ग पुरे झाले. आकाशी पूल हा त्यांपैकी एकाचा भाग. बांधकामाचा खर्च वाहनांच्या टोलमधून वसूल व्हायचा होता, पण अपेक्षेइतकी वाहने आली नाहीत. पूल बांधणाऱ्या संस्थेवर कर्जाचा डोंगर झाला आणि २००३ मध्ये त्यातील एक लाख कोटी येनहून अधिक कर्ज सरकारला आपल्या माथी घ्यावे लागले. पूल हवा की नको, असा हा प्रश्न नाही. बेटावरच्या माणसांना तो हवाच होता. इतक्या जवळजवळ तीन हवे होते का, हा प्रश्न आहे. वारा आणि भूकंप यांसाठी जी सावधगिरी बाळगली गेली, ती या हिशोबात दिसत नाही. पायाखाली जॅक ठेवता येतो, टोलच्या अंदाजाखाली ठेवता येत नाही. तेथे एकच सोय असते. एक पूल बांधून, काय होते ते पाहून, मग दुसऱ्याचा निर्णय घेणे.

उघडे ठेवलेले दार

तिसरे उदाहरण नेदरलँड्सचे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळी भरतीने त्या देशाच्या नैर्ऋत्य भागातील बांध फोडले. १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर सरकारने त्या भागातील खाड्यांची तोंडे एकामागून एक बंद करण्याची योजना आखली. पूर्व स्केल्ड ही त्यांपैकी सर्वांत मोठी खाडी. तिच्या तोंडावर सलग धरण घालून आतले पाणी समुद्रापासून कायमचे तोडायचे, असे ठरले होते आणि काम सुरूही झाले होते.

त्याला विरोध झाला. खाडीत कालवे आणि शिंपले वाढवणाऱ्या यर्सेके गावच्या कोळ्यांचा धंदा भरती-ओहोटीवर चालत होता. भरती थांबली की पाणी गोडे होणार आणि कालवे मरणार. पक्ष्यांचा आणि खाडीतील जीवसृष्टीचा अभ्यास करणारे लोकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुसऱ्या बाजूला १९५३ ची रात्र पाहिलेली माणसे होती. त्यांना बंद धरणाखेरीज दुसरे काही सुरक्षित वाटत नव्हते. दोघांचेही म्हणणे खरे होते. अखेर १९७६ मध्ये सरकारने आराखडा बदलला. धरणाऐवजी दरवाज्यांचा बांध घालायचा, एरवी दरवाजे उघडे ठेवायचे आणि वादळी भरती येणार असे दिसले की पाडायचे.

अर्ध्यावर आलेले काम बदलणे, हे अभियंत्यांच्या दृष्टीने मोठे संकट होते. मोठमोठे खांब वाळूच्या तळावर, वाहत्या पाण्यात, अचूक बसवायचे होते. अशा कामाचा अनुभव कोणालाच नव्हता. त्यांनी एकूण ६५ खांब कोरड्या खड्ड्यात तयार केले. त्यांतील सर्वांत जड खांब १८,००० टनांचा होता. मग खड्ड्यात पाणी सोडून, खास बांधलेल्या जहाजाने एकेक खांब उचलून जागेवर नेला. त्याआधी समुद्रतळाची वाळू ठोकून घट्ट केली आणि खांबाखालची वाळू वाहून जाऊ नये म्हणून गाळणीसारखे थर असलेल्या चटया अंथरल्या. खांब नेणाऱ्या जहाजाचे नाव ओस्ट्रिया, चटया अंथरणाऱ्याचे कार्डियम आणि वाळू ठोकणाऱ्याचे मायटिलस. तिन्ही नावे कालवे-शिंपल्यांच्या प्रजातींची शास्त्रीय नावे आहेत. ज्या जिवांसाठी आराखडा बदलावा लागला, त्यांचीच नावे अभियंत्यांनी आपल्या जहाजांना दिली. ६२ पोलादी दरवाज्यांचा हा बांध ४ ऑक्टोबर १९८६ रोजी पुरा झाला. पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा ३ मीटर वर चढणार असा अंदाज आला की दरवाजे पाडले जातात. एरवी भरती आत येते आणि ओहोटी बाहेर जाते.

पुस्तके या बांधाची गोष्ट येथे संपवतात. सुरक्षितता मिळाली, निसर्गही वाचला. आपला रकाना मात्र पुढचे विचारतो. दरवाजे उघडे असले तरी खांबांनी आणि उंबऱ्यांनी वाट अरुंद झालीच. खाडीत जाणारे-येणारे पाणी कमी झाले, प्रवाह मंदावला. पूर्वी जोरदार भरती खाडीच्या खोल भागातली वाळू उचलून उथळ पट्ट्यांवर आणून टाकी. वादळे ती पट्ट्यांवरून खाली ओढीत. देणे आणि घेणे यांचा मेळ बसलेला होता. आता वादळे पूर्वीसारखीच वाळू ओढून नेतात, पण भरतीत ती परत आणून टाकण्याचे बळ राहिलेले नाही. त्यामुळे ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे पट्टे झिजत चालले आहेत. डच लोक याला ‘वाळूची भूक’ म्हणतात. याच पट्ट्यांवर हजारो पक्षी पोट भरतात. २०१९-२० मध्ये रोगनप्लाट नावाच्या अशा एका पट्ट्यावर बाहेरून वाळू आणून टाकावी लागली.

म्हणजे निर्णय चुकला का? मला तसे वाटत नाही. बंद धरण झाले असते, तर वाळूच्या भुकेचा प्रश्न उरला नसता, कारण भरती-ओहोटीची खाडीच उरली नसती. दरवाजे ठेवल्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या हाती काही निर्णय शिल्लक राहिले. वाळू टाकायची की नाही, कोणत्या पातळीला दरवाजे पाडायचे, हे त्या ठरवू शकतात. तरीही ‘निसर्ग वाचला’ हे वाक्य अर्धवट आहे. खाडी वाचली, पण ती पूर्वीची खाडी राहिली नाही, आणि तिला वाळू पुरवीत राहणे हे आता कायमचे काम झाले आहे. समुद्राची पातळी वाढते आहे. ती जितकी वाढेल तितके दरवाजे अधिक वेळा पाडावे लागतील आणि उघड्या दाराचा फायदा तितका कमी होईल. या बांधापुढे ‘पूर्ण’ असा शेरा मारता येत नाही.

रकाना भरताना

तिन्ही बांधकामे एका ओळीत ठेवली म्हणजे एक क्रम दिसतो. कान्साईत अंदाज चुकला, पण चूक निस्तरण्याची सोय आधीच केलेली होती. आकाशीत निसर्गाने आराखडा बदलला आणि बांधकाम अपुरे असल्यामुळे तो बदल सामावून घेता आला. पूर्व स्केल्डमध्ये माणसांच्या विरोधामुळे आराखडा बदलला, बांध अधिक चांगला झाला, आणि त्याची किंमत अजून चुकवली जात आहे. यांतली एकही गोष्ट लांबी-उंचीच्या तक्त्यात मावत नाही.

यावर एक आक्षेप येईल. मुलांचे कुतूहल जागे होते ते ‘सर्वांत मोठे’ या शब्दांनीच. चुका, खचणे, कर्ज हे सारे सांगत बसले, तर त्यांचा उत्साह मावळेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. विक्रमाचा आकडा हे दार आहे आणि मुलाला त्या दारातून आत येऊ द्यावे. पण दारातच उभे ठेवू नये. १९९१ मधला शेवटचा एक मीटर भूकंपाचा आहे, हे कळल्यावर कोणत्या मुलाचा उत्साह मावळेल? ९०० खांबांखाली चकत्या सरकवणारी माणसे आजही कामावर आहेत, हे ऐकून अभियांत्रिकी कंटाळवाणी वाटेल की हवीशी? आकडे पाठ करणाऱ्या मुलाला सगळे बांधून झाले असे वाटते. अंदाज आणि अनुभव यांची गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला आपल्यासाठीही काही काम उरले आहे, हे समजते.

वर्गात हे करायला फारसे साहित्य लागत नाही. फलकावरच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत. ‘अंदाज काय होता?’ आणि ‘चुकल्यास सोय काय?’ सुरुवात जवळच्या बांधकामापासून करता येईल. आपल्याकडे कोयनेचे उदाहरण आहेच. १०३ मीटर उंचीचे ते धरण ज्या प्रदेशात बांधले, तो भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी साडेसहाच्या आसपास प्रतीचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण उभे राहिले, पण त्याच्या उताराचा कोन जेथे एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास भेगा पडल्या. नंतर मागील बाजूने टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. जलाशयातील पाणी आणि भूकंप यांच्या संबंधावर जगात जो अभ्यास झाला, त्यात कोयनेचे नाव आजही पहिल्या काही नावांत घेतले जाते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मात्र कोयनेपुढे केवळ नदीचे आणि जिल्ह्याचे नाव असते.

गावचा पूल, शाळेची इमारत, पाण्याची टाकी, काहीही चालेल. पुलाची उंची ठरवताना कोणत्या वर्षाचा पूर धरला होता आणि त्यानंतर पाणी कुठवर आले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी लिहावे. दोन रकाने भरले की त्यांना कळेल, की भिंतीवरच्या पाटीवर कोरलेली तारीख ही त्या बांधकामाच्या परीक्षेची सुरुवात असते.